तलवार मासा : मोहरीएवढ्या अंड्यापासून खोल समुद्रातील शिकाऱ्यापर्यंत

मोहरीच्या दाण्याएवढे पारदर्शक अंडे आणि त्यातून जन्मून काही वर्षांत शेकडो किलो वजनाचा होणारा मासा, हे तलवार माशाच्या जीवनाचे थोडक्यात वर्णन होय. एक मादी लाखो, क्वचित कोट्यवधी अंडी घालू शकते. तरीही गेल्या काही दशकांत जगाच्या अनेक समुद्रांत या माशाची संख्या चिंताजनकरीत्या घटली. अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात ती पुन्हा सावरली, भूमध्य समुद्रात मात्र अद्याप पुरेशी सावरलेली नाही. एवढी अंडी घालणारा मासा संकटात का सापडतो आणि तो कशामुळे सावरतो, याचे उत्तर त्याच्या जीवनचक्रात आहे.

ओळख आणि वर्गीकरण

इंग्रजीत ‘स्वोर्डफिश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माशाचे शास्त्रीय नाव ‘झिफियस ग्लॅडियस’ असे आहे. पहिला शब्द ग्रीक तर दुसरा लॅटिन असून दोन्हींचा अर्थ तलवार असाच होतो. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये या माशाला हे नाव दिले. ‘झिफिइडी’ या कुळात आज ही एकच जाती जिवंत आहे. मार्लिन आणि सेलफिश हे मासे त्याचे जवळचे नातलग असले, तरी त्यांचे कूळ निराळे आहे. त्यांचा सुळा भाल्यासारखा गोलसर असतो. तलवार माशाचा सुळा चपटा, रुंद आणि दोन्ही कडांना धारदार असतो.

नावामुळे होणारा गोंधळही दूर करणे आवश्यक आहे. तोंडापुढे दातेरी पट्टी असलेला करवत मासा हा पाकट गटातील कूर्चामीन असून त्याचा तलवार माशाशी संबंध नाही. घरगुती मत्स्यालयांत पाळला जाणारा चिमुकला ‘स्वोर्डटेल’ हा गोड्या पाण्यातील मासा आहे आणि त्याची ‘तलवार’ शेपटीला असते. कोकणच्या बाजारात दिसणारा, चांदीच्या पात्यासारखा चमकणारा बाला किंवा वाकटी हा मासाही वेगळ्याच कुळातील आहे.

खऱ्या तलवार माशाची तलवार म्हणजे त्याच्या वरच्या जबड्याचा पुढे वाढलेला भाग होय. पूर्ण वाढलेल्या माशात तिची लांबी एकूण लांबीच्या सुमारे एक तृतीयांश असते. पाठ गडद तपकिरी किंवा निळसर काळी, पोट फिकट, डोळे अतिशय मोठे आणि पुच्छपर चंद्रकोरीसारखा असतो. श्रोणिपर, म्हणजे पोटाखालील परांची जोडी, या माशाला नसते. मासेमारीच्या क्रीडाप्रकारात गळाने पकडलेल्या तलवार माशाचा विक्रम १९५३ मध्ये चिलीतील इकिके बंदराजवळ नोंदवला गेला. त्या माशाचे वजन सुमारे ५३६ किलो होते.

अधिवास : दिवसा खोल, रात्री वर

तलवार मासा अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी महासागरांच्या उष्ण व समशीतोष्ण पट्ट्यांत तसेच भूमध्य समुद्रात आढळतो. तो प्रामुख्याने खुल्या समुद्रातील मासा असून उथळ किनारी पाण्यात क्वचितच येतो. साधारणपणे १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी त्याला अधिक मानवते. मात्र सुमारे ५ ते २७ अंशांपर्यंतच्या पाण्यातही तो वावरतो. इतका मोठा तापमानफरक सहन करणारे मासे फार थोडे आहेत.

त्याचा दिनक्रमही वैशिष्ट्यपूर्ण आहे. दिवस उजाडला की तो कित्येकशे मीटर खोल, अंधाऱ्या आणि थंड पाण्यात उतरतो. सूर्यास्तानंतर पृष्ठभागाजवळ येऊन तो शिकार करतो. माकुल आणि खोल पाण्यातील लहान मासे प्रकाशाप्रमाणे रोज वरखाली होतात, आणि तलवार मासा आपल्या भक्ष्याच्या मागोमाग हा प्रवास करतो. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून दूर, सुमारे ६०० मीटर खोलीवर ‘आल्विन’ या संशोधन पाणबुडीवर एका तलवार माशाने धडक मारली. त्याची तलवार पाणबुडीच्या बाह्य आवरणाच्या सांध्यात अडकली आणि मासा पाणबुडीसह वर आला. हा मासा किती खोलवर वावरतो, याचा तो अनपेक्षित पुरावा ठरला.

पृष्ठभागावरील उबदार पाण्यातून काही मिनिटांत अतिशय थंड पाण्यात उतरताना मेंदू आणि डोळे कार्यक्षम ठेवणे ही मोठी अडचण असते. तलवार माशाच्या डोळ्यामागील एका स्नायूचे रूपांतर उष्णता निर्माण करणाऱ्या अवयवात झाले आहे. हा अवयव आकुंचन पावत नाही. केवळ उष्णता निर्माण करून तो मेंदू आणि डोळे सभोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे १० ते १५ अंशांनी उबदार ठेवतो. उरलेले शरीर मात्र सामान्य माशाप्रमाणे थंडच राहते. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रान्सिस कॅरी यांनी १९८२ मध्ये या अवयवाचे वर्णन प्रसिद्ध केले. उबदार नेत्रपटल वेगाने हलणारे भक्ष्य थंड नेत्रपटलापेक्षा दहापटीहून अधिक चांगले टिपू शकते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. खोल अंधारात चपळ माकुल पकडणाऱ्या शिकाऱ्यासाठी ही क्षमता निर्णायक असते.

कधीकधी मात्र हा मासा दिवसाही पृष्ठभागावर येऊन संथपणे पडून राहतो. खोल पाण्यात थंडावलेले शरीर पुन्हा उबदार करण्यासाठी किंवा पचनासाठी तो असे करीत असावा, असे मानले जाते. याच सवयीवर त्याची सर्वांत जुनी मासेमारी उभी राहिली. इटली आणि सिसिली यांमधील मेसिनाच्या सामुद्रधुनीत उंच डोलकाठीवरून टेहळणी करून भाल्याने तलवार मासा मारण्याची परंपरा आहे. या भागातील तलवार माशाच्या शिकारीचे वर्णन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस यांच्या लेखनात, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आढळते.

तलवारीचा उपयोग

तलवार मासा भक्ष्य भोसकून पकडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो तलवार आडवी फिरवून भक्ष्याला जखमी किंवा निश्चेष्ट करतो आणि मग गिळतो. त्याच्या जठरात सापडलेल्या माकुलांच्या आणि माशांच्या अंगावर अशा वारांच्या खुणा आढळल्या आहेत. माकुल हे त्याचे आवडते खाद्य असून बांगड्याच्या जातीचे मासे, हेरिंग, हेक इत्यादी मासेही तो खातो. लहान भक्ष्य तो वार न करता थेट गिळतो.

तलवार बचावासाठीही कामी येते. समुद्रातून मिळालेल्या किंवा किनाऱ्यावर वाहून आलेल्या काही शार्क माशांच्या शरीरात तिचे तुटलेले तुकडे रुतलेले आढळले आहेत. तलवारीच्या मुळाशी तेल स्रवणारी एक ग्रंथी असते आणि सूक्ष्म नलिकांद्वारे ते तेल डोक्याच्या त्वचेवर पसरते, असे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. या तेलामुळे पाण्याचा रोध कमी होत असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा मासा ताशी जवळपास १०० किलोमीटर वेगाने पोहतो, असे वारंवार सांगितले जाते. मात्र अलीकडच्या मोजमापांनंतर अशा आकड्यांविषयी शास्त्रज्ञ साशंक आहेत.

प्रजनन : उबदार पाण्याची गरज

प्रौढ तलवार मासा थंड पाण्यात खाद्य शोधू शकतो, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला उबदार पाण्यातच यावे लागते. पृष्ठभागाजवळील पाण्याचे तापमान साधारण २३ अंश किंवा त्याहून अधिक असेल तेथे प्रजनन होते. त्यामुळे विषुववृत्ताजवळ वर्षभर, तर उत्तर आणि दक्षिणेकडे त्या त्या गोलार्धातील वसंत व उन्हाळ्यात प्रजननकाळ असतो. पश्चिम अटलांटिकमध्ये सारगासो समुद्र, कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात आणि फ्लोरिडाची सामुद्रधुनी ही प्रजननक्षेत्रे म्हणून ओळखली जातात. भूमध्य समुद्रात जून ते ऑगस्ट या काळात सिसिलीच्या आसपास तसेच बॅलिएरिक बेटांजवळ अंडी घातली जातात. हिंदी महासागरात रेयुनियन बेटाच्या परिसरात ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे दक्षिण गोलार्धातील उष्ण महिन्यांत, प्रजनन होत असल्याचे नोंदवले गेले आहे.

एरवी एकट्याने फिरणारे नर आणि मादी या काळात एकत्र येतात. मादी पाण्यात अंडी सोडते, नर शुक्राणू सोडतो आणि फलन शरीराबाहेर, पाण्यातच होते. एका हंगामात मादी टप्प्याटप्प्याने अनेकदा अंडी सोडते. मादीच्या आकारमानानुसार अंड्यांची संख्या सुमारे १० लाखांपासून २ कोटी ९० लाखांपर्यंत नोंदवली गेली आहे. मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी अधिक, हा येथील महत्त्वाचा नियम होय.

पालक माशांकडून अंड्यांचे किंवा पिल्लांचे संगोपन होत नाही. १.६ ते १.८ मिलिमीटर व्यासाची ही अंडी त्यांतील तेलाच्या थेंबामुळे पृष्ठभागाजवळ तरंगत राहतात आणि सुमारे अडीच दिवसांत फुटतात.

डिंभावस्थेपासून प्रौढत्वापर्यंत

अंड्यातून बाहेर पडणारे डिंभ, म्हणजे अळीसारखे पिल्लू, जेमतेम ४ मिलिमीटर लांब असते. पहिल्या दिवसांत ते अंड्यातील बलकावर आणि नंतर सूक्ष्म प्राणिप्लवकांवर जगते. त्याची लांबी सुमारे १ सेंटिमीटर झाली की जबडे पुढे वाढू लागतात. याच सुमारास ते इतर माशांची डिंभे खाऊ लागते. या वयातील पिल्लू त्याच्या आईबापांसारखे मुळीच दिसत नाही. त्याचे शरीर सापासारखे सडपातळ असते, वरचा आणि खालचा असे दोन्ही जबडे लांब असतात, तोंडात दात असतात आणि अंगावर काटेरी खवले असतात. पाठीवर एकच लांब, सलग पृष्ठपर असतो.

वाढीबरोबर हे रूप हळूहळू पालटते. खालच्या जबड्याची वाढ मागे पडते आणि वरच्याची तलवार होते. सलग पृष्ठपराचा मधला भाग झिजून पुढे एक उंच आणि शेपटीजवळ एक छोटा, असे दोन वेगळे पर उरतात. दात नाहीसे होतात आणि खवलेही दिसेनासे होतात. त्यामुळे प्रौढ माशाची त्वचा गुळगुळीत भासते. वाढीचा वेग विलक्षण असतो. अवघ्या ४ मिलिमीटरचे पिल्लू पहिल्या वर्षाअखेर सुमारे ९० सेंटिमीटर लांबीचे होऊ शकते. ही लांबी तलवार वगळून, खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजली जाते. तलवार तुटलेली असू शकते, म्हणून ही पद्धत स्वीकारली गेली आहे.

पहिल्या वर्षानंतर नर आणि मादी यांचे मार्ग वेगळे होतात. नराची वाढ लवकर मंदावते आणि तो लहान आकारातच प्रजननक्षम होतो. मादी अधिक काळ वाढत राहते, अधिक मोठी होते आणि उशिरा वयात येते. अतिशय मोठे, म्हणजे सुमारे १४० किलोंपेक्षा जास्त वजनाचे, बहुतेक सर्व मासे माद्याच असतात. उत्तर अटलांटिकमधील निम्म्या माद्या सुमारे १८० सेंटिमीटर लांबीला प्रजननक्षम होतात आणि त्यासाठी त्यांना साधारण पाच वर्षे लागतात. रेयुनियनजवळील अभ्यासात मादीसाठी ही लांबी सुमारे १७० तर नरासाठी सुमारे १२० सेंटिमीटर आढळली. भूमध्य समुद्रातील माद्या त्यापेक्षा लहान, सुमारे १४० सेंटिमीटर लांबीलाच वयात येतात.

हा फरक अधिवासातही उतरतो. नर शक्यतो उबदार पाण्यातच राहतात. मोठ्या माद्या मात्र अन्नाच्या शोधात न्यूफाउंडलंडजवळील ग्रँड बँक्ससारख्या थंड, खाद्यसंपन्न क्षेत्रांपर्यंत जातात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा उष्ण पाण्याकडे वळतात.

कोट्यवधी अंडी, तरीही धोका

समुद्रात सोडलेल्या अंड्यांपैकी बहुसंख्य अंडी आणि डिंभे इतर जीवांच्या भक्ष्यस्थानी पडतात. लहान तलवार माशांना टुना, मार्लिन, शार्क आणि स्वजातीयांपासूनही धोका असतो. पूर्ण वाढलेल्या माशाला मात्र माको शार्क, ओर्का आणि स्पर्म व्हेल असे मोजकेच शत्रू उरतात. एखाद्या जातीची संख्या स्थिर राहण्यासाठी मादीच्या आयुष्यभराच्या अंड्यांतून सरासरी दोन पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली तरी पुरेसे असते. मात्र त्यासाठी मादीला त्या वयापर्यंत जगू दिले पाहिजे. मासेमारीने नेमके हेच गणित बिघडवले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाल्याची जागा ‘लाँगलाइन’ने घेतली. या पद्धतीत कित्येक किलोमीटर लांबीच्या मुख्य दोराला ठरावीक अंतरावर शेकडो गळ लावून तो रात्री पाण्यात सोडला जातो. गळांजवळ प्रकाश देणाऱ्या कांड्या बांधल्या जातात, जेणेकरून वर आलेले मासे आमिषाकडे आकर्षित होतील. भालाधारी मच्छीमार पृष्ठभागावरील मोठा मासा पाहून, निवडून मारीत असे. गळ मात्र निवड करीत नाही. प्रजननक्षेत्रांलगत तो कोवळे मासे पकडतो, तर थंड पाण्यात मोठ्या माद्या. समुद्री कासवे आणि शार्कही त्यात सापडतात.

परिणामी १९९०च्या दशकापर्यंत उत्तर अटलांटिकमध्ये पकडल्या जाणाऱ्या माशांचे सरासरी आकारमान घटले आणि त्यांत एकदाही अंडी न घातलेल्या माद्यांचे प्रमाण वाढले. १९९८ मध्ये अमेरिकेत अनेक आचाऱ्यांनी हा मासा ताटात न वाढण्याची मोहीम हाती घेतली. १९९९ मध्ये अटलांटिक टुना संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे ‘आयकॅट’ने, दहा वर्षांची पुनर्भरण योजना आखून पकडीवर मर्यादा घातल्या. पाठोपाठ अमेरिकेने फ्लोरिडाचा पूर्व किनारा आणि मेक्सिकोच्या आखातातील काही भाग येथे, जेथे कोवळे मासे मोठ्या संख्येने वाढतात, लाँगलाइन मासेमारीला मज्जाव केला. २००९ च्या मूल्यांकनात उत्तर अटलांटिकमधील साठा पूर्ववत झाल्याचे दिसून आले. लवकर वाढणाऱ्या माशाला काही वर्षे उसंत मिळाली, तर तो सावरू शकतो हे यातून सिद्ध झाले.

भूमध्य समुद्रातील चित्र वेगळे आहे. तेथील साठा अटलांटिकपासून जनुकीयदृष्ट्या वेगळा असल्याने बाहेरून येणाऱ्या माशांनी ही तूट भरून निघत नाही. तेथे पकडल्या जाणाऱ्या माशांत संख्येने निम्म्याहून अधिक मासे अपरिपक्व असल्याचे आयकॅटचे निरीक्षण आहे. युरोपीय संघाने २००२ पासून तरंगत्या जाळ्यांवर बंदी घातली. २०१६ मध्ये आयकॅटने स्वतंत्र पुनर्भरण योजना मंजूर केली. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले शरद ऋतूत गळाला लागू लागतात, म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने बंदीचे ठरवण्यात आले.

किमान आकाराच्या नियमातील त्रुटीही येथे लक्षात येते. अटलांटिकमध्ये पकडता येणाऱ्या माशाची किमान लांबी ११९ किंवा १२५ सेंटिमीटर आहे, तर भूमध्य समुद्रात १०० सेंटिमीटर. दोन्ही ठिकाणी ही मर्यादा मादीच्या प्रजननक्षम लांबीपेक्षा बरीच कमी आहे. म्हणजे कायदेशीररीत्या पकडलेली मादीदेखील एकदाही अंडी न घातलेली असू शकते. शिवाय गळाला लागलेला लहान मासा परत सोडला, तरी तो बहुधा मेलेला किंवा मरणासन्न असतो. त्यामुळे केवळ आकाराच्या नियमापेक्षा पकडीची एकूण मर्यादा, बंदीचे महिने आणि बंदीची क्षेत्रे अधिक परिणामकारक ठरतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या माशाची नोंद सध्या ‘संकटसमीप’ या वर्गात आहे.

हिंदी महासागर आणि भारत

हिंदी महासागरात तलवार माशाच्या मासेमारीचे नियमन सेशेल्समध्ये मुख्यालय असलेला हिंदी महासागर टुना आयोग करतो. भारत या आयोगाचा सदस्य आहे. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि अंदमान-निकोबार बेटांभोवतीच्या खोल पाण्यात हा मासा आढळतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण या केंद्रीय संस्थेच्या लाँगलाइन जहाजांना तो टुना माशांबरोबर मिळत आला आहे. भारतीय मच्छीमारांच्या दृष्टीने तो मुख्यतः टुनाबरोबर गळाला किंवा जाळ्यात येणारा मासा आहे.

मुंबईसमोर भूखंड मंच सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला असल्याने किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या नौकांना हा मासा सहसा भेटत नाही. खोल समुद्र किनाऱ्याच्या तुलनेने जवळ असलेल्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर तो अधिक परिचित आहे. प्रजननाच्या काळात समुद्राला विश्रांती देण्याचे तत्त्व मात्र भारतीय किनाऱ्याला नवे नाही. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला सागरपूजन करण्याची कोळी समाजाची परंपराही त्याच ऋतुचक्राशी जोडलेली आहे. तलवार माशासारख्या देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या माशाला मात्र एका देशाची बंदी पुरत नाही. त्यासाठी संपूर्ण महासागरासाठीचा सामायिक करार लागतो.

आहार म्हणून सावधगिरी

दीर्घकाळ जगणारा आणि अन्नसाखळीच्या टोकावर असलेला शिकारी असल्याने तलवार माशाच्या शरीरात पाऱ्याचा मिथिलमर्क्युरी हा घातक प्रकार साठत जातो. लहान जीवांतील अत्यल्प पारा प्रत्येक टप्प्यावर वाढत वर पोहोचतो, आणि मासा जितका मोठा व वयस्क तितके प्रमाण अधिक असते. मिथिलमर्क्युरीचा परिणाम विशेषतः गर्भाच्या आणि बालकांच्या मज्जासंस्थेवर होतो. म्हणून गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांनी हा मासा टाळावा, असा सल्ला अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन देते. शिजवल्याने किंवा गोठवल्याने पारा नाहीसा होत नाही.

अशा प्रकारे वयस्क आणि मोठी मादी खाण्यासाठी सर्वांत कमी योग्य, तर जातीच्या भवितव्यासाठी सर्वांत मोलाची ठरते. ती प्रजननक्षम होईपर्यंतची सुमारे पाच वर्षे आणि तिची पिल्ले जेथे वाढतात ती उबदार क्षेत्रे सुरक्षित राहिली, तर दहा वर्षांत एखादा साठा सावरू शकतो, हे उत्तर अटलांटिकने दाखवून दिले आहे. भूमध्य समुद्रातील योजना २०३१ पर्यंत चालणार असून तेथे हाच अनुभव येतो का, हे त्यानंतर स्पष्ट होईल.